भूपेंद्रच्या नावाची घागर

धडगावच्या घाटात पाणी प्यायला जीपमधून उतरलेला माणूस जिवंत आहे की मेला, हे ठरवायचा अधिकार सगळ्या रनाळे गावाला होता. नव्हता तो फक्त त्याच्या आईला. तुळशीबाईंचा धाकटा भूपेंद्र धडगावला कचेरीत नोकरीला होता, लग्न ठरत आलेलं होतं. एका सोमवारी म्हसावदहून वर जाताना तो ओढ्यापाशी उतरला, मागच्या गाडीनं येतो म्हणाला, आणि मागच्या गाडीत तो नव्हता. जीपवाला धनसिंग पोलिसांना आणि पुढे पुढे भेटेल त्याला हेच सांगत राहिला. ओढ्याला तेव्हा घोट्यापर्यंतच पाणी होतं. तुळशीबाईंनी भगत गाठला, ज्योतिषी गाठला. एकानं आहे म्हटलं, दुसऱ्यानं नाही म्हटलं, आणि नारळ मात्र दोघांनीही ठेवून घेतला.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं नवी घागर भरायची, वर खरबूज ठेवायचं आणि निखाऱ्यावर एकेकाचं नाव घेऊन घास टाकायचा, अशी त्यांच्याकडची रीत. तुळशीबाई सासऱ्यांची घागर भरत, नवऱ्याची भरत. भूपेंद्रची भरणं म्हणजे आपल्याच हातानं पोराला मारणं, म्हणून त्या दरवर्षी नाही म्हणत. यंदा मात्र मोठा मुलगा भाग्येश हट्टालाच पेटला. धाकट्यासाठी कडी न लावता झोपायचा त्याला कंटाळा आला होता, आणि खरं सांगायचं तर धाकट्याचाही.

"त्यानं नाव लई टाक, माय," तो म्हणाला. "कितला दिन वाट देखसूत?"

त्यांनी तिसरी घागर भरली, नाव घेतलं. घास निखाऱ्यावर चरचरला तेव्हा त्यांना भाग्येशचा इतका राग आला की वाढलेलं ताट त्यांनी तसंच सारून दिलं.

सकाळी मधल्या घरात दोन घागरी भरलेल्या होत्या, तिसरी रिकामी. सून रुचिका म्हणाली, नवं मातीचं भांडं झिरपायचंच. पण खालची फरशी कोरडी होती. तुळशीबाईंनी घागर परातीत ठेवून पुन्हा भरली. दुपारी परात ठणठणीत कोरडी, आणि घागरीत थेंब नाही. भाग्येशनं घागर बदलून आणली. तिचंही तेच झालं. तो आधी उंदरांना बोलला, मग मांजराला, मग उन्हाला.

तुळशीबाईंनी मात्र मनाशी जुळवून पाहिलं. गेलेला माणूस पाणी पीत असेल, तर तो गेला. आणि कुठेतरी जिवंत असून तहानेनं तडफडत असेल, तर ही घागर त्याला कशी पोचते? इतकी वर्षं त्या उत्तरासाठी जळल्या होत्या. आता ते एका दाराच्या पलीकडे आलं होतं, आणि एकदा ओढलेलं ते दार मध्येच उघडून पाहायला त्यांचा हात धजत नव्हता. रोज सकाळी त्या घागर भरत, दार ओढून घेत आणि वळून पाहत नसत. कितीतरी वर्षांनी त्यांना गाढ झोप लागू लागली. त्या झोपेचीही त्यांना लाज वाटे, चीड येई, आणि तरी ती हवीशी वाटे.

भाग्येशला ते सोसवेना. एका दुपारी काय तो सोक्षमोक्ष लावायचा म्हणून तो मधल्या घरात जाऊन बसला आणि त्यानं आतून कडी लावली. तुळशीबाई ओसरीवर मिरच्यांचे देठ मोडत राहिल्या. हात जळजळू लागले तरी त्या उठल्या नाहीत. आतून एकदाही आवाज आला नाही.

उन्हं कलल्यावर तो बाहेर आला आणि लहानपणी बसायचा तसा त्यांच्या गुडघ्याशी येऊन बसला. सांगायला त्यानं तोंड उघडलं.

"नको सांगू," तुळशीबाई म्हणाल्या. "जे देखं, ते तुन्हापाशीच ऱ्हाऊ दे."

त्यानं मान हलवली. सुटल्यासारखा तो रडू लागला, आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवताना त्यांच्या मनात आलं, की आता घरात नीट झोपणारं माणूस बदललं.

दुसऱ्या दिवशी तो नंदुरबारच्या बाजारात गेला. परतल्यावर त्यानं कुणाशी न बोलता मधल्या घरात एक नवी घागर नेली आणि भूपेंद्रच्या घागरीला लागून ठेवली. ती अगदी लहानगी होती, तीन-चार वर्षांच्या लेकराला दोन्ही हातांनी उचलता येईल एवढी.

पाणी पिणारा भूपेंद्र एकटा नव्हता, एवढं तुळशीबाईंना कळलं. त्यांनी दोन्ही घागरी भरल्या आणि दार ओढून घेतलं.