धावड्याची तलवार

"आता पोरी तलवारी घेतीन, तं आमी काय लाटनं घेऊन चुलीपाशी बसाव?"

हरिसिंग शिकलगार हे आपल्या मिशांशीच बोलला. पण भात्याशेजारी पोत्यावर टेकलेल्या लिलाबाईंना सगळं ऐकू आलं. दुकानच तेवढुसं होतं. वाशीमच्या बाजारात दोन भिंतींमध्ये उरलेल्या बोळीवर टीन टाकलं की जेवढं होईल, तेवढं. टिनाला भोकं होती आणि दुपारचं ऊन त्यातून ज्वारीच्या दाण्यांसारखं खाली सांडत होतं. त्या उन्हात लोखंडाची धूळ तरंगत होती, जणू तिला कुठं जायची घाईच नव्हती. रिठदहून पहाटेच्या बसनं आलेल्या लिलाबाईंच्या डोळ्यांवर झापड येत होती.

तलवार हवी होती त्यांच्या लेकीला, गंगूला, आणि तीही जपानी. आता रिठदमध्ये जपान आलं कुठून, तर लिलाबाईंच्या चुलतभावामुळे. माणिकराव जहाजावर खलाशी होते. एकदा जहाज बिघडून जपानच्या एका बंदरात वर्षभर अडकलं, तेव्हा गोदीवरच्या म्हाताऱ्या पहारेकऱ्यापाशी ते तलवार शिकले. नोकरी सोडून गावी परतल्यावर ते विहारापुढच्या अंगणात रोज संध्याकाळी पोरापोरींना शिकवू लागले. हातात तुराट्या घेऊन. इतरांच्या तुराट्या आठवडाभर टिकत, गंगूची पहिल्याच वाराला मोडे. "हिले वजनदार काही तरी घेऊन द्या लिलाबाई," माणिकराव म्हणाले होते, "नाई तं पुढचं शिकवनं बंद. तुराटीवर पोरगी वाया जाऊन राह्यली."

लिलाबाई, गंगू आणि माणिकराव यांच्याबरोबर दुकानात चौथी होती ती शिरपूरची धुरपताबाई, गंगूची होणारी सासू. मंगणी यायच्या रविवारी होती. तलवारीचं कळल्यावर त्या म्हणाल्या होत्या, "सून काय घेते ते पाहू तं द्या, इहीनबाई!" आणि थेट बसस्टँडवर येऊन उभ्या राहिल्या होत्या. बाई हसरी होती, पण हसरी माणसंही डोळे उघडेच ठेवतात. म्हणून लिलाबाई सकाळपासून गंगूच्या हातांवर नजर ठेवून होत्या.

गंगू डावरी होती.

घरात हा शब्द कोणी उच्चारत नसे. "तिचा हात तसा हाय," एवढंच म्हणत आणि विषय बदलत. लहानपणी लिलाबाईंनी जुन्या लुगड्याची चिंधी करून तिचा डावा हात पाळण्याला बांधला होता. पोर झोपली की चिंधी सोडायच्या, त्या इवल्या मनगटावर फुंकर घालायच्या, आणि ती जागी व्हायच्या आत पुन्हा बांधायच्या. पुढं गंगू चारचौघांत उजव्या हातानं जेवायला शिकली. मागच्या वर्षीचं स्थळ मात्र मोडलं. तिनं चहाची कपबशी डाव्या हातानं पुढं केली होती.

"हे पाहा, नवरदेवाची," म्हणत हरिसिंगानं लाल मखमली म्यानातली तलवार काढली. गंगूनं ती एकदा फिरवली. मूठ हातात राहिली आणि पातं उडून पाण्याच्या हौदात पडलं.

"वरातीपुरतीच हाय ते," हरिसिंग शांतपणे म्हणाला. "नवरदेव कुठी फिरवते?"

"माया पोराच्या वक्ती हेच आनू," धुरपताबाई म्हणाल्या. "भांडनात कामी येनार नाई, हे बरं."

मग त्यानं माळ्यावरून तेलकट फडक्यात गुंडाळलेलं काही काढलं. ब्रह्मदेशच्या लढाईवरून एका शिपायानं आणलेली, अस्सल जपानी तलवार. म्यानातून ती निघाली तेव्हा आवाज झाला नाही, नुसता दुकानात उजेड सरकला. नदीच्या पाण्यावर पहाटे असतो तसा. लिलाबाईंनी त्यात आपला डोळा पाहिला. तो आपल्यापेक्षा तरुण वाटला, आणि त्यांना तो परत करावासा वाटेना.

"शिकाले हे नाई," माणिकराव हळूच म्हणाले. "हे शिकून झालेल्याची." हरिसिंगानं किंमत सांगितली तेव्हा धुरपताबाईंनी स्वतःच्या हातानं ती म्यानात घातली.

शेवटी कोपऱ्यातल्या दांड्यांमधून माणिकरावांनीच एक ओढून काढला. धावड्याच्या चिवट लाकडाचा. कुऱ्हाडीसाठी आणलेला, पण मधून वाकलेला म्हणून कोणी न घेतलेला.

"अरे बापा! जपानात असा वाक मुद्दाम काढतेत, आन् हा तुयाकडे पडून राह्यला?"

"मंग घेऊन जा न. स्वस्तात देतो."

गंगूनं दांडा धरला. उजवा हात वर, डावा खाली, शिकवल्याप्रमाणे. उजव्यानं नुसती वाट दाखवायची, जोर सगळा खालच्या हाताचा. तिनं तो डोक्यामागं नेला आणि खाली आणला. धावडा घुमला. तरंगणारी धूळ मधोमध दुभंगली, क्षणभर तशीच उभी राहिली, आणि लिलाबाईंना वाटलं, त्या फटीतून पोर पलीकडे कुठं तरी मोकळ्या रानात निघून चालली आहे, मागं वळून न पाहता.

"अवो माय! काय घुमली!" धुरपताबाईंनी गालावर हात ठेवला.

माणिकराव खुशीत चहा सांगायला बाहेर गेले. हरिसिंगानं दांडा मांडीवर घेतला, कानस उचलली. "जोर देनाऱ्या हाताच्या अंगठ्याले मुठीवर खाच पाडतो. कोन्या हाताची करू?"

जन्मभर त्यानं विळे केले होते. विळ्याला हात असतो, उजवा किंवा डावा. त्याला वाटलं, तलवारीलाही असणारच.

"सर्वायचा उजवाच असते," धुरपताबाई हसून म्हणाल्या. "इचारते काय!"

"उजव्या," लिलाबाईंच्या तोंडून सवयीनं गेलं.

गंगूनं डावा हात पाठीमागं नेला, अगदी हळू. कोणी शिकवलं होतं तिला ते, लिलाबाईंना चांगलं ठाऊक होतं. वाकलेला दांडा दुकानात तेवढा एकच होता. कानस लाकडाला लागली, पहिला भुसा पडला.

"थांबा, हरिसिंगभाऊ."

कानस थांबली. लिलाबाई पोत्यावरून उठल्या, पण हरिसिंगाकडे नाही, धुरपताबाईंकडे वळल्या.

"इहीनबाई, माही गंगू डावरी हाय. जन्मापासून डावरी हाय."