गाळण्याची उपमा

नववीत पहिला नंबर कुणाचा, हे निपाणीच्या त्या शाळेत कुणी विचारायचंच नाही. त्रिशलाचा! पण यंदा पारमिता नवीन आली आणि पहिल्याच चाचणीत पुढं गेली. तेव्हापासून त्रिशलाच्या पोटात जे दुखायला लागलं, त्यावर ओवा चालत नव्हता.

त्यात मंगल टीचरनी विज्ञानाच्या तासाला दोघींना एकाच गटात घातलं. शरीरातला अवयव घ्यायचा, त्याला घरातल्या गोष्टीची उपमा द्यायची, आणि ती कुठं जुळत नाही तेही गटानं मिळून शोधायचं. जिची उपमा सरस, ती बेळगावच्या विज्ञान प्रदर्शनात बोलणार. बेळगाव म्हणजे त्रिशलाचं हक्काचं. दोन वर्षं तीच गेली होती.

"मूत्रपिंड म्हणजे चाळणी," त्रिशला म्हणाली. हे तर पुस्तकातच होतं.

पारमिता हळूच उठली. "टीचर, मूत्रपिंड म्हणजे जैनांच्या घरचं पाण्याचं गाळणं. घागरीच्या तोंडाला कापड लावून पाणी वततात. कापडावर ऱ्हायलेले जीव फेकत न्हाईत, परत आडात सोडतात. तशा रक्तातल्या पेशी गाळून जात न्हाईत, रक्तातच ऱ्हातात."

"वा गं पोरी!" टीचर म्हणाल्या.

त्रिशलाच्या अंगाचा तिळपापड झाला. गाळणं आमच्या घरचं, आणि मिरवणार ही? ती ताडकन उठली. "टीचर, चूक हाय! आम्ही गाळलेलं पाणी पितो. मूत्रपिंडातनं गाळून काय येतं? ते पिणार व्हय ही?"

वर्ग खदाखदा हसला. पारमिताची मान खाली गेली. त्रिशलाला काय गार वाटलं म्हणून सांगू!

"शाब्बास त्रिशला," टीचर म्हणाल्या. "कुठं जुळत नाही ते बरोब्बर सांगितलंस. पारमिताची उपमा पुरी केलीस की! बेळगावला पारमिताच बोलेल."

घ्या! करायला गेली एक आणि झालं भलतंच.

"पण पारमिता, एवढं बारीक तुला कसं ठाऊक गं?" टीचरनी विचारलं.

"त्रिशलाची वही द्यायला गेलतो. तिच्या आज्जीनं आडनाव इचारलं आणि पायरीवरच थांब म्हणाली. लई वेळ थांबलो. आज्जी अंगणात पाणी गाळत होती, ते बघत बसलो."

वर्गात कुणी हसलं नाही.

त्रिशला वहीत तोंड घालून बसली. त्या दिवशी ती घरातच होती. पारमिताची हाक तिनं दोनदा ऐकली होती. मोठी हुशार लागून गेली, ऱ्हाऊ दे उभी, म्हणून ती बाहेर आली नव्हती.