माझे गार पाणी आणि गुडरुनचे सॅलड

मित्रांनो, मी एक जुना हापसा आहे, अंगाखांद्याने अस्सल बिडाचा. विस्कॉन्सिनच्या डोंगराळ मुलखात, नॉर्वेहून आलेल्या शेतकऱ्यांच्या पांढऱ्या चर्चच्या अंगणात मी उभा आहे. आज माझ्या दांड्याला साखळी आणि कुलूप आहे, पण माझेही दिवस होते.

चुनखडीचा खडक फोडून लोकांनी तीस फूट खोल विहीर घेतली आणि तिच्यावर मला बसवले. पहिली धार पडली तेव्हा इंगेबोर्ग आजीने ओंजळ भरून पाणी प्यायले आणि ती डोळे पुसत म्हणाली, "अगदी आमच्या गावच्या झऱ्यासारखं गं!" त्या दिवसापासून मी साऱ्यांचा लाडका झालो. बाप्तिस्म्याचे पाणी माझे, लग्नाची कॉफी माझ्या पाण्याची. मला कोण अभिमान वाटायचा!

इंगेबोर्ग आजीची नात गुडरुन हिचा बाप्तिस्मा माझ्याच पाण्याने झाला. मोठी झाल्यावर उन्हाळी सहभोजनाला बटाटा-अंड्याचे सॅलड तिनेच करावे, असा रिवाजच पडून गेला. पातेले चाटूनपुसून रिकामे परत जायचे.

एकोणीसशे चोपन्नच्या जूनमध्ये खूप पाऊस झाला. सहभोजनाच्या दिवशी मात्र लख्ख ऊन पडले. दुधाच्या मोठ्या कॅनमध्ये माझ्या पाण्याचे लिंबू सरबत झाले. मुले माझ्या अंगाला साखळीने बांधलेल्या पेल्याने पुन्हा पुन्हा पाणी पीत होती. पाणी नेहमीसारखेच नितळ होते.

तीन दिवसांत चाळीस माणसे आजारी पडली. उलट्या, जुलाब, पोटात कळा. चार वर्षांच्या कारीला इस्पितळात न्यावे लागले.

पुढच्या रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर सेल्मा बाक्के दबक्या आवाजात म्हणाली, "अंड्याचं सॅलड उन्हात ठेवलं की दुसरं काय होणार? हल्ली गुडरुनचं लक्षच नसतं."

गुडरुनने ते ऐकले. ती आत गेलीच नाही, तशीच घरी परतली. पुढचे दोन रविवार ती आली नाही.

तिसऱ्या रविवारी ती थेट पाळकसाहेबांपुढे उभी राहिली.

"पाळकसाहेब, सॅलडमध्ये कांदा होता आणि माझ्या नवऱ्याला कांदा चालत नाही. त्यानं सॅलडला हातसुद्धा लावला नव्हता. सरबत मात्र चार पेले प्यायला. मग तो का आडवा झाला?"

पाळकसाहेब चपापले. "अगं, पण या पाण्यावर तर आपण सगळे वाढलो."

"म्हणूनच म्हणते, तपासू या."

तिने प्रयोगशाळेतून निर्जंतुक बाटली मागवली आणि माझ्या पाण्याने भरून पाठवली. उत्तर आले: पाण्यात विष्ठेतले जंतू आहेत, पिऊ नये.

मित्रांनो, त्या क्षणी मला गंजून पडावेसे वाटले.

आरोग्य खात्याचा माणूस आला. चर्चच्या वरच्या अंगाला ओले रुस्टाड नावाच्या शेतकऱ्याने वर्षापूर्वी मोठा गोठा बांधला होता. तिथल्या डबक्यात त्या माणसाने हिरवा रंग ओतला.

"माझ्या गोठ्याचं पाणी इथवर येतंय होय? मधे खडक आहे, खडक!" ओले गुरकावला.

"खडकाला भेगा असतात, ओलेसाहेब. उद्या तुम्हीच हापसा मारा."

दुसऱ्या दिवशी सारा गाव जमला. ओलेने दांडा खालीवर केला. आधी स्वच्छ धार आली. त्याला हसू फुटले. मग धार फिकट हिरवी झाली, मग गर्द हिरवी. ओलेचा हात दांड्यावरच थांबला.

शेवटी सेल्मा पुढे झाली. "गुडरुन, मी उगाच तुझ्या हाताला नावं ठेवली."

"माझं राहू दे. कारीच्या आईकडे जा. आपणच पोरीला सॅलड भरवलं म्हणून ती बिचारी स्वतःला दोष देत बसलीय."

सेल्मा तशीच इस्पितळाच्या वाटेला लागली. नंतरच्या आठवड्यात कारी घरी आली. काडीसारखी झाली होती, पण चालत आली. ओलेने गोठा उताराच्या खालच्या अंगाला हलवला. चर्चच्या पलीकडे खोल, बंदिस्त विहीर झाली आणि माझ्या दांड्याला कुलूप लागले. कुलूप लावताना गुडरुनने माझ्या डोक्यावर हलकेच हात ठेवला. तिचा माझ्यावर राग नव्हता.

मित्रांनो, नितळ पाणी शुद्ध असतेच असे नाही. जंतू डोळ्यांना दिसत नाहीत, जिभेला कळत नाहीत. विहिरीपासून गोठा आणि संडास लांब ठेवा. पूर-पावसानंतर पाणी उकळून प्या आणि वर्षातून एकदा तपासून घ्या. कोणी आजारी पडले, तर कोणाच्या हातचे खाल्ले याची कुजबुज करण्याआधी खरे कारण शोधा. ते तीन आठवडे गुडरुनवरचा आळ ऐकूनही मला बोलता आले नाही. तुम्हाला येते.