हात खाली येताना

अर्धं शटर ओढलेल्या त्या गोदामात पाय ठेवायला जागा नव्हती, तरी गलका नव्हता. सगळ्यांच्या माना वर. चौथऱ्यावरच्या सुताराचा हात, जो इतके दिवस पोटाशी धरलेला असायचा, सरळ छताकडे उभा होता आणि चमत्काराने खांदे बरे करणारे बाबा त्याच्यापासून दोन पावलं लांब.

"मी धरलाय का? कुणी धरलाय का?" बाबांनी मऊ आवाजात विचारलं. "शीर चढली होती. उतरवली. एवढंच."

मग पुढे होऊन त्यांनी तो हात स्वतःच्या तळव्यावर झेलला आणि तान्ह्या बाळासारखा खाली आणून ठेवला. हात वर जायचा तो बाबांच्या आधाराने आणि खाली यायचा तोही त्यांच्याच. आपला आपण उतरवला की शक्ती सांडते, हा तिथला नियम.

भिंतीवर बऱ्या झालेल्यांचे फोटो होते, सगळे हात वर केलेले. त्यात एक गवंडी होता, माझ्या हार्डवेअरच्या दुकानातलं जुनं गिऱ्हाईक. गेल्या आठवड्यात तो परांचीवरून खाली आला, शिडीने नव्हे. बाबा म्हणाले, हात स्वतः उतरवला असणार. फोटो मात्र त्यांनी उतरवला नव्हता.

आज माझ्या दाजींची पाळी होती. दाजी रंगारी. शिडी घसरली तेव्हा त्यांनी एका हाताने कठडा पकडला; जीव राहिला, खांदा गेला. उद्या त्यांना उंच टाकी रंगवायला दोराच्या पाळण्यात बसायचं होतं. मुकादमाची रीत अशी की दुखावलेल्याने कामाच्या फाटकाशी हात वर करून दाखवायचा. दुसऱ्या हाताने ढकलून वर नेला तरी चालतं. वर राहिला की झालं. तो खाली कसा येतो हे बघायला मुकादम थांबत नाही. बाबांचा चमत्कार जणू त्या फाटकाचं माप घेऊनच शिवला होता.

"तू इथे तोंड उघडू नकोस," ताईने मला आधीच बजावलं होतं. "तुझं एकदा उघडलं की दुकान बंद करायची वेळ होते."

म्हणून मी नुसता बघत बसलो. माल उलटून बघायची सवय. बाबा प्रत्येकाचा सदरा स्वतः काढत. बाहीतून हात सैल निघाला तर तो माणूस चौथऱ्यावर. खांदा आखडलेला असला तर श्रद्धा कमी पडते म्हणून मागच्या बाकावर. म्हणजे तपासणी बाबाही करत होते, आपल्या सोयीपुरती.

दाजींचा हात बाहीतून सैल निघाला. हात वर गेला, राहिला. टाळ्या पडल्या. बाबा झेलायला पुढे सरकले, तेवढ्यात मागून एक बाई म्हणाल्या, "थांबा. त्यांना स्वतःला आणू द्या. सावकाश."

त्या होत्या दवाखान्यातल्या हाडांच्या डॉक्टर. परांचीवरून पडलेल्या गवंड्याला शेवटी त्यांच्याच टेबलावर नेलं होतं.

"शक्ती सांडेल," बाबा म्हणाले.

दाजींनी ताईकडे पाहिलं. इतके दिवस त्यांची बटणं ती लावत होती, भांगही तीच पाडत होती.

"सांडू दे," ताई म्हणाली. "उद्या पाळण्यात सांडण्यापेक्षा आज इथे सांडू दे."

हात हळूहळू निघाला, खांद्याच्या रेषेपर्यंत आला, थरथरला आणि दोर कापल्यासारखा मांडीवर आपटला.

डॉक्टरांनी मग त्यांचं कोपर कमरेशी टेकवून दुमडलं, पंजा बाहेरच्या बाजूला वळवला आणि तिथेच धरायला सांगून सोडून दिला. पंजा बिजागरीवरच्या दारासारखा पोटाकडे परत आला.

त्यांनी समजावलं ते साधं होतं. खांद्याचा गोळा आतले छोटे स्नायू जागेवर धरून ठेवतात. त्यांचे पट्टे तुटले तरी दुसऱ्याने नेलेला हात वर जातो आणि बाहेरच्या मोठ्या स्नायूच्या जोरावर तिथे उभाही राहतो. हात आडवा आला की भार सगळ्यात जास्त; तिथे लबाडी चालत नाही. या दोन खुणांवरून दाट संशय येतो, खात्री आतला फोटो काढून करायची. मात्र उशीर केला तर तुटलेलं टोक आत ओढलं जातं, मग शिवणंही अवघड.

"नजर लावली," बाबा पुटपुटले. त्यांचा आवाज आता तितका मऊ नव्हता.

डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. त्या भिंतीकडे वळल्या. "या फोटोंतले जे इथे आहेत त्यांनी दुसऱ्या हाताने आधार देऊन हात वर न्या. आधार सोडा. आता सावकाश खाली."

काही हात नीट उतरले. बाकीच्यांचा आवाज आला. मांडीवर, बाकावर, शेजारच्याच्या पाठीवर, एकामागून एक, धप्प, धप्प. सुतार स्वतःच्या हाताकडे बघत राहिला. यातले बहुतेक सकाळी उंचावर चढणार होते.

दाजी पाळण्यात बसले नाहीत. कामाचं पुढे काय, ते अजून ठरायचं आहे. पण ठरवायला ते आहेत. तेव्हा कुणी चमत्कार दाखवला तर टाळी जरा राखून ठेवा आणि तो आधार काढून, शेवटपर्यंत करून दाखवायला सांगा. जो नको म्हणेल, त्याच्या भरवशावर आपलं माणूस वर चढवू नका.