त्या गाण्यातला बेस

बेस गिटार हातात आली की कुठलंही गाणं त्याला परकं नसे. खालच्या, खर्जातल्या सुरांचा माणूस म्हणून बाकीचे वाजवणारे त्याला खर्जा म्हणत. सिनेमा, नाटकं, जाहिराती, हॉटेलातला जाझ, सगळीकडे त्याचा संचार. पण ही कामं त्याच्याकडे चालत आली ती एका गाण्यामुळे. विशीत वाजवलेल्या त्या गाण्यातला बेस ऐकून लोक बोलावू लागले आणि ज्या प्रकारचं बोलावणं येईल, तो प्रकार खर्जा घोटून घोटून शिकत गेला.

मुलाखतीत कोणी विचारलं, हे सगळं कुणाकडून घेतलंत, की तो रंगात यायचा. सर्कशीतला मोठा ढोल, बाबांच्या छापखान्यातल्या यंत्राची घरघर, बंदरावरच्या बँडमधला एक म्हातारा. ज्या थोरल्या बहिणीनं, ताईनं, त्याची बोटं धरून पहिल्यांदा तारांवर ठेवली, तिचं नाव मात्र ओठांवर येत नसे. पिकतं तिथे विकत नाही, त्यातली गत.

ते जुनं गाणं आता साफ करून पुन्हा काढायचं ठरलं. रेकॉर्डिस्टनं खर्जाला स्टुडिओत बोलावलं.

"बस, तुझं सोनं तुला एकट्यालाच ऐकवतो," असं म्हणत त्यानं बाकीची वाद्यं बंद केली.

नुसता बेस वाजू लागला. खर्जा आधी हसत होता. मग थांबला.

"परत लाव."

पुन्हा तेच. वरच्या सुराला पोचताना बोट ताणलेलं नव्हतं. सगळा हातच तारेवरून सरकत जाताना ऐकू येत होता. असं एकच माणूस वाजवायचं. ताईची करंगळी लहानपणी दारात चेमटली होती, ती पुरती उघडायचीच नाही. इतकी वर्षं ढोल आणि व्हायोलिनच्या गर्दीत ते सरकणं कुणालाच ऐकू गेलं नव्हतं.

"काय झालं रे?" रेकॉर्डिस्टनं विचारलं.

"हा मी नाही," खर्जा म्हणाला.

ताईचं चष्म्याचं दुकान होतं. तो पोचला तेव्हा ती एका दांडीचा बारीक स्क्रू पिळत होती.

"ताई, त्या गाण्यात तू वाजवलंयस."

तिनं स्क्रू पुरता बसवला आणि मगच मान वर केली. "कळलं का? बरीच वर्षं लागली तुला."

"मी वाजवून आलो होतो की."

"आला होतास. आणि तापानं फणफणून पडलास. संगीतकारांना तुझं वाजवणं पसंत नव्हतं. त्यांचा फोन आला, दुसरा माणूस बोलावतो म्हणाले. मग तुझं पहिलंच काम गेलं असतं. म्हणून मी गेले आणि तुझ्याच नावावर वाजवलं."

"मला सांगायचं तरी."

"आधी तू आजारी. मग गाणं गाजलं, बाबा गावभर सांगत सुटले. सांगणार कधी?"

खर्जा गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसला. गाणं गाजल्यावर स्टेजवर तसंच वाजवायला त्याला वर्षभर झटावं लागलं होतं. त्या दिवशी आपल्या अंगात काहीतरी संचारलं असणार, असं तो सगळ्यांना सांगे. आणि पलीकडच्या खोलीत ताई ते ऐकत होती.

"तुझ्या मुलाखतीही ऐकल्या," ती काच पुसत म्हणाली. "ढोल आला, छापखाना आला. म्हटलं, पुढच्या खेपेला माझं नाव येईल."

आवाजात राग नव्हता. त्यानंच तो जास्त गारठला.

"आता घालतो," तो कसाबसा म्हणाला. "नव्या आवृत्तीवर दोघांचं नाव घालतो."

"दोघांचं कशाला? त्यात तुझा एक सूर नाही. माझं एकटीचं घाल."

ही 'राहू दे रे' म्हणेल, असं खर्जानं मनोमन धरून ठेवलं होतं.

"फोन लाव," ताई म्हणाली. "इथूनच लाव."

त्यानं रेकॉर्डिस्टला फोन लावला आणि ताईचं एकटीचं नाव घालायला सांगितलं.

बातमी फुटल्यावर काहींनी त्याला तोंडावर भामटा म्हटलं. सिनेमाची दोन कामं गेली. बाकीची टिकली, कारण जाझपासून नाटकापर्यंत वाजवणारा दुसरा कोणी चटकन मिळेना. ताईला एका हॉटेलातून वाजवण्याबद्दल विचारणा आली. तिनं दुपारचं दुकान बंद ठेवायला सुरुवात केली आणि रियाजासाठी भावाची चांगली गिटार मागून नेली. ती अजून परत आलेली नाही.