पळसाचा श्यामलाल

सात वर्षांनी मी परदेशातून गावी आलो, तेव्हा मी आधीच घरी आलेलो होतो.

हे मला पवनीपर्यंत माहीत नव्हतं. पवनीहून गावाकडे येणाऱ्या एसटीतसुद्धा माहीत नव्हतं. कंडक्टरने माझं तिकीट फाडलं, माझ्या पेटीचं वेगळं फाडलं, वर पेटी उचलताना मला दोन शब्द सुनावले. म्हणजे तोवर तरी मी रीतसर जिवंत माणूस होतो.

मी चौऱ्याहत्तर साली गेलो. लग्नाला जेमतेम एक पावसाळा झाला होता. आम्ही ढिवर, तळ्यात मासे धरायचे, शिंगाडे लावायचे, हाच धंदा. पण मला मुंबईत एका मालजहाजाच्या स्वयंपाकघरात काम मिळालं. वर्षभरासाठी गेलो होतो. वर्ष संपता संपता मालकाने जहाज एका ग्रीक माणसाला विकलं, आणि भांडीकुंडी, दोरखंड आणि मी असे तिघेही त्याच सौद्यात गेलो. मग उरलेली सहा वर्षं मी जगातल्या सगळ्या बंदरांवर बटाटे सोलले. घरी पत्रं टाकली. ती कोणत्या समुद्रात आहेत कोण जाणे.

दिवाळी होऊन गेली होती. तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, फकिरा मामा जाळं विणत बसला होता. आईचा सख्खा भाऊ, आमच्या समाजातला मोठा माणूस; त्याने हो म्हटलं की ते हो. मी पेटी खाली ठेवली, पाया पडलो.

"मामा, ओळखलं का? मी श्यामलाल."

मामाने माझ्याकडे पाहिलं. मग तळ्याकडे पाहिलं. मग परत माझ्याकडे.

"असशील बा," तो म्हणाला. "पण आमच्याकडं एक हाये."

त्याने हनुवटीने दाखवलं. तळ्यात शिंगाड्याच्या वेलांमध्ये, कमरेएवढ्या पाण्यात, हात पसरून एक माणूस उभा होता. अंगात निळा सदरा. माझ्या लग्नातला. कॉलरची शिवण मी स्वतः घातलेली होती, वाकडी, ती इतक्या लांबून दिसली.

"तो कोण?"

"श्यामलाल," मामा म्हणाला, आणि जाळ्याची गाठ मारली.

आमच्याकडे माणूस परमुलखात मेला आणि अंग मिळालं नाही, तर पळसाच्या फांद्यांचा आणि पानांचा माणूस करतात. नारळाचं डोकं, कवड्यांचे डोळे, अंगात त्याचाच कपडा. त्याला जाळला की मेलेला सुटतो. चार वर्षांपूर्वी तुमसरच्या कोणीतरी बाजारात सांगितलं की माझं जहाज बुडालं, म्हणून माझाही एक केला होता.

"मंग काय झालं?"

"नाई जळला," मामा म्हणाला. "लाकडं लावली, राकेल टाकलं. धूर निघे, पण जळे नाई."

"कोणता महिना होता?"

"श्रावण."

"मामा, पानं ओली होती."

"ते तू म्हणतं. तुयी माय म्हणे, जळून नाई राह्यला म्हंजे पोट्टा मेला नाई. मले बी पटलं."

"बरोबर आहे ना मामा! मी मेलोच नव्हतो!"

"तेच तर सांगून राह्यलो," मामा शांतपणे म्हणाला. "मेला नव्हता. म्हून तर त्याले घरी घेऊन आलो."

सात वर्षांत मी पाच भाषांत शिव्या शिकलो होतो, त्यांतली एकही इथे बसत नव्हती.

घरी माय अंगणात बसली होती. बायाबाई तिचं नाव. सगळं गाव तिला भीत असे. तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला, कानामागची जखमेची खूण चाचपली. मला वाटलं, झालं. ती म्हणाली, "जिजा, पाव्हण्याले पाणी दे वं. तोंड त आपल्या श्यामलालवानीच हाये बिचाऱ्याचं."

जिजा पाणी घेऊन आली. माझी बायको. कपाळाला कुंकू, हातभर हिरव्या बांगड्या. मी तिच्याकडे पाहत राहिलो. तिने खाली मान घालून तांब्या पुढे केला.

"घ्या भाऊ," ती म्हणाली.

जगातल्या कोणत्याही बंदरावर मला कोणी एवढ्या आदराने मारलं नव्हतं.

दिवस मावळायला जिजा डोंगा घेऊन तळ्यात गेली. डोंगा म्हणजे आमची एका लाकडात कोरलेली होडी. तिने त्या पळसाच्या माणसाला बांबूवरून सोडवलं, डोंग्यात आडवं घातलं, घरी आणलं, पाय पुसले आणि ओसरीच्या खांबाला टेकवून बसवलं. मायने दोन ताटं वाढली. भात, मासोळीचा रस्सा. एक त्याच्यापुढे, एक माझ्यापुढे. त्याच्या ताटात मोठा तुकडा होता.

मी पेटी उघडली. मायसाठी शाल, जिजासाठी सिंगापूरची साडी, आणि स्वतःसाठी घेतलेला पांढरा टेरिलीनचा सदरा. मायने सदरा उजेडात धरून पाहिला आणि उठून त्याच्या अंगावर लावला.

"बरोबर बसते," ती खूश होऊन म्हणाली.

खरंच बरोबर बसत होता. मला खांद्यात थोडा सैलच व्हायचा.

सकाळी उठलो तर त्याचं ताट पुसल्यासारखं साफ. काटेसुद्धा ताटाच्या कडेला नीट रचून ठेवलेले. मी लहानपणापासून काटे असेच रचतो.

"मांजर खाऊन गेली असेल," मी म्हटलं.

"आपल्याकडं मांजर नाई, भाऊ," जिजा म्हणाली, आणि डोंग्याकडे गेली.

पहिले काही दिवस मी स्वतःला समजावत होतो की सवय होईल. परदेशातून आलेल्या माणसाला घर नवं वाटतंच. मला तर जमीनच नवी होती. सात वर्षं डोलणाऱ्या लाकडावर राहिल्यामुळे स्थिर जमिनीवर उभं राहिलं की ती मला हलल्यासारखी वाटायची. मी अंगणात उभा राहिलो की झुलायचो. भिंत धरायचो. जिजा हसू दाबायची.

"तुमाले उभं बी राह्यता येत नाई का, भाऊ? आमचे घरचे दिवसभर उभे रायतेत."

लोक मला पाहायला येत. मी त्यांना बर्फाबद्दल सांगे, देवमाशाबद्दल सांगे, एका बंदरात लोक बेडूक तळून खातात ते सांगे. ते चहा पिऊन ऐकत आणि उठताना एकमेकांना म्हणत, "लय बोलते बाप्पा हा. आपला श्यामलाल कसा, तोंडातून शब्द नाई." तो आल्यापासून शिंगाड्यावर पाखरू बसलं नव्हतं. तो दारू पीत नव्हता, भांडत नव्हता, मुंबईला जातो म्हणत नव्हता. खरं सांगायचं तर माणूस म्हणून त्याच्यात काही खोट काढायला जागाच नव्हती. नवरा म्हणूनही नसावी. जिजा त्याला आणताना गुणगुणायची. माझ्यासोबतच्या त्या एका पावसाळ्यात ती गुणगुणल्याचं मला आठवत नाही.

एकदा दुपारी मी एकटाच डोंगा घेऊन त्याच्याजवळ गेलो. पाण्यात वारा नव्हता. वेल हलत नव्हते. मी त्याच्या तोंडासमोर थांबलो.

"काहून बे?" मी विचारलं. "माझ्याच घरात?"

कवड्या माझ्याकडे पाहत होत्या. तेवढ्यात त्याच्या बाहीतून एक हिरवं पान बाहेर आलेलं दिसलं. कोवळं, लवलवीत. चार वर्षांपूर्वी तोडलेल्या फांदीला.

मी डोंगा वळवला तो सरळ फकिरा मामाकडे.

"मामा, एक बायको, एक नाव, अन् माणसं दोन. हे चालते का?"

"नाई चालत," मामाने मान्य केलं.

"तो ओला होता म्हणून जळला नाही. आता त्याला उन्हात वाळवा. मग लावा आग. जळला तर काय ते ठरेल."

मामाने जाळं बाजूला ठेवलं. "जळला त श्यामलाल मेला."

"हो, तोच!"

"अग्नी कोण देईन?"

"मी देतो," मी म्हटलं. मला घाई झाली होती.

त्याला आमच्या छपरावर वाळत घातला. मायला ते पटलं नव्हतं, पण मामाचा शब्द होता. ते दिवस तो छपरावर उताणा पडलेला आणि मी खाली झोपलेला. वरून पानांचा आवाज यायचा, कुशीवर वळल्यासारखा. मी कूस बदलली की तोही बदलायचा. मी दोनतीनदा मुद्दाम बदलून पाहिली.

भर दुपारी तळ्याच्या काठी त्याला सरणावर ठेवला. सगळं गाव आलं होतं. मी काडी ओढली. या खेपेला राकेल लागलंच नाही. तो असा पेटला की लोक दोन पावलं मागे सरले. पानं तडतडली. सदरा गेला, हात गेले. शेवटी नारळ फुटला. फट्‌ असा मोठा आवाज झाला आणि त्या आवाजासोबत मायने हंबरडा फोडला.

मी आनंदाने वळलो. म्हणणार होतो, माय, हा मी इथे आहे. पण गावातल्या बाया जिजाला धरून काठावर बसवत होत्या. एकीने तिचे हात दगडावर ठेवले. हिरव्या काचांचा आवाज आला. मग कुंकू पुसलं. माझ्या देखत माझी बायको विधवा झाली, आणि अग्नी मीच दिलेला.

"माय," मी म्हटलं, "मी हाव ना."

तिने डोळे पुसत माझा हात हातात घेतला. "मोठ्या मनाचा हायेस तू, पाव्हण्या. सख्खा असता तरी एवढं केलं नसतं."

मामा आंघोळीला निघाला होता. मी त्याला अडवलं. "मामा, तुम्ही तरी सांगा!"

"काय सांगू? जळला त मेला, हे तूच कबूल केलं."

तेरवीला मी जेवलो. माझ्याच तेरवीला. भाजी उत्तम झाली होती. मी दोनदा मागून घेतली, कारण काय करावं ते कळत नव्हतं.

मला कोणी घराबाहेर काढलं नाही. कोणी नावाने हाकही मारली नाही, कारण ते नाव आता मेलेल्याचं होतं. ताट एकच वाढलं जायचं, माझं, पाहुण्याचं. मायचं जेवण सुटलं. ती पाळीवर बसून पाण्यातल्या रिकाम्या बांबूकडे पाहायची. पाणकोंबड्यांचे थवेच्या थवे शिंगाड्यावर उतरले. जिजा मोकळे हात घेऊन घरभर फिरायची, आवाज न होता. बांगड्या नसलेली बाई किती कमी आवाज करते हे तोवर मला माहीत नव्हतं. मी भिंतीला धरून झुलत होतो. कधीकधी वाटायचं, जहाजावर परत जावं. पण जाणार तरी कोण होता? श्यामलाल मेला होता.

एका सकाळी पाण्यावर धुकं होतं. पाखरं हाकलायला म्हणून मी तळ्यात उतरलो. हाकलता हाकलता त्या बांबूपाशी पोचलो. पाणी कमरेला लागलं, पायाखाली गाळ आला, आणि एकदम जग थांबलं. जमीन हलायची थांबली. जहाज सोडल्यापासून पहिल्यांदाच मी नीट उभा होतो. तोल जाऊ नये म्हणून पसरलेले हात मी तसेच ठेवले. छान वाटत होतं.

धुकं विरलं. काठावर माय होती.

ती उठली. डोळ्यांवर हात धरला. आणि तिने हाक मारली, सात वर्षांपूर्वी मारायची तशी, पार दुसऱ्या काठापर्यंत जाणारी:

"श्यामलाऽऽल!"

मी ओ द्यायला तोंड उघडलं. मायच्या मागे फकिरा मामा उभा होता. त्याने ओठांवर बोट ठेवलं.

मी तोंड मिटलं.

संध्याकाळी डोंगा आला. जिजाने मला खालून वरपर्यंत पाहिलं. तिच्या हातात नव्या बांगड्या होत्या, किणकिणत होत्या.

"चाला घरी," ती म्हणाली. भाऊ म्हणाली नाही.

तिने मला डोंग्यात आडवं घातलं, घरी आणलं, पाय पुसले, खांबाला टेकवून बसवलं. मायने ताट वाढलं. मोठा तुकडा माझ्या ताटात होता. मी काटे कडेला नीट रचले. मामा तंबाखू मळत ओसरीवर आला, माझ्याकडे पाहून म्हणाला, "जमलं तुले."

आता सगळं सुरळीत आहे. पहिले काही दिवस पाणकोंबड्या माझ्या जवळ येत, एक तर खांद्यावर बसून गेली. आता येत नाहीत. मी बोलत नाही, आणि गावात माझं नाव चांगलं आहे. जिजा मला न्यायला येताना गुणगुणते. एकदा पवनीकडून कोणी माणूस पेटी घेऊन पाळीवर आला आणि मामाशी बोलत उभा राहिला, तेव्हा मी हात आणखी ताठ पसरले. पण तो जाळी विकणारा निघाला.

फागुन लागला, पाळीवरचे पळस लाल झाले, आणि माझ्या मनगटाला खाज सुटली. संध्याकाळी जिजाने बाही वर सारून पाहिली.

"कळ्या येऊन राह्यल्या," ती म्हणाली.

दोन दिवसांनी एक फूल उमललं. तिने ते खुडून केसांत खोवलं. मला काही दुखलं नाही.