दगड बुडेपर्यंत

माझ्या नणंदेला मी ताई म्हणते. तीस वर्षं दवाखान्यात नर्स होत्या, त्यामुळे जगात कुणालाही सूचना द्यायचा आपल्याला हक्क आहे असं त्यांना वाटतं. मी शिवणकाम करते. माझा नवरा, म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, गेल्यापासून आम्ही दोघी एकाच घरात राहतो, आणि वाद घालायला आम्हाला विषय कधी कमी पडला नाही.

त्या दिवशी तर बसमध्येच वाजलं, पाण्याची बाटली कोण विसरलं यावरून. खाडीकाठच्या किल्ल्यापाशी उतरलो तेव्हा मी तोंड शिवून घेतलं होतं. किल्ल्याभोवती निसर्ग उद्यान आहे. खारफुटीतून लाकडी पायवाट जाते, खाली चिखलात लाल खेकडे पळत असतात. पायवाट संपते तिथे पाटी होती: भरती सुरू झाल्यावर तटाखालच्या खडकांवर उतरू नये. ताईंनी ती चष्मा लावून मोठ्याने वाचली आणि घड्याळ बघितलं.

"भरतीला अजून तासभर आहे. येतेस?"

"तुम्हीच जा," मी म्हटलं आणि तटावर सावलीत बसले.

ताई तटातल्या चोरदरवाजातून खाली गेल्या. पंधरा-वीस मिनिटांनी त्यांची हाक आली, "अगं, जरा खाली ये." आवाज इतका साधा होता की मी मुद्दाम उठायला वेळ लावला. ही गोष्ट मी अजून कुणाला सांगितलेली नाही.

खाली बुरुजाचे ढासळलेले चिरे पडले होते. त्यातला एक ताईंच्या पायाखाली सरकला होता आणि त्यांचा उजवा पाय तो आणि शेजारचा खांद्याइतका उंच चिरा यांच्या मध्ये गुडघ्यापर्यंत गेला होता. भरतीचा त्यांचा हिशोब चुकला होता; पाणी त्यांच्या दुसऱ्या पायाच्या पोटरीला लागत होतं. मी त्यांच्या काखेत हात घालून ओढलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"ओढू नकोस. घोटा मोडलाय. फोन कर."

उद्यानाच्या कचेरीतला माणूस म्हणाला, बोट खाडीच्या पलीकडे गेली आहे, चाळीस मिनिटं लागतील, तोवर हलू नका. मी ते ताईंना सांगितलं.

"हलू नका म्हणतो," ताई म्हणाल्या. "शहाणाच आहे."

मी वर पळाले. माझं वय साठ, गुडघे केव्हाचे गेलेले, पण त्या पायऱ्या मी कशा चढले मला आठवत नाही. दुसऱ्या बुरुजावर एक गवंडी आणि त्याची बायको चुना कालवत होते. "पाय अडकलाय, दगडात," मी म्हटलं आणि खाली बोट दाखवलं. गवंड्याने पहार उचलली, बायकोने दुसरी.

परत आलो तेव्हा पाणी ताईंच्या कमरेला होतं. गवंड्याने खाली बुडी मारून चाचपून पाहिलं. मग दोघांनी त्या उंच चिऱ्याखाली पहारी घातल्या आणि अंगातलं सगळं बळ लावलं. चिरा बोटभर उचलला गेला आणि परत बसला. ताईंनी ओठ चावला, त्यातून रक्त आलं.

गवंडी उभा राहिला, चिऱ्याकडे बघत. मग म्हणाला, "थांबावं लागेल."

"थांबायचं?" मी म्हटलं. "पाणी दिसतंय ना तुम्हाला?"

"बाई, दगड पाण्यात हलका होतो. आत्ता अर्धा बाहेर आहे. पूर्ण बुडाला तर दोघांना हलेल. आत्ता जोर केला आणि तो सुटला तर पायाचा चुराच होईल."

"आणि तोवर ह्यांचं काय?"

ताईच म्हणाल्या, "बरोबर बोलतायत ते. थांबू या."

तसं थांबणं कुणाच्या वाट्याला येऊ नये. मी त्यांच्या मागे उभी राहिले आणि दोन्ही हातांनी त्यांची हनुवटी वर धरली. प्रत्येक लाट आली की त्या श्वास कोंडायच्या, मीही कोंडायची. चिऱ्याचं डोकं दिसायचं, बुडायचं, परत दिसायचं. आयुष्यात पहिल्यांदा मी पाणी वाढावं म्हणून जीव टाकत होते, आणि तेच पाणी त्यांच्या गळ्याशी आलं होतं. बोटीचा पत्ता नव्हता.

"कपाटाची किल्ली पिठाच्या डब्यामागे आहे," ताई म्हणाल्या. "तू वर जा आता. दोघी कशाला."

"गप्प बसा."

"तुला पोहता येत नाही."

"मला बरंच काही येत नाही. घरी जाऊन ऐकवा." माझे दात वाजत होते. "तुम्ही गेलात तर मी दिवसभर भांडू कुणाशी?"

त्या हसल्या असाव्यात. तेवढ्यात लाट त्यांच्या तोंडावरून गेली आणि त्या खोकत राहिल्या. पुढची लाट ओसरली तेव्हा चिरा दिसला नाही.

"आता," गवंड्याची बायको म्हणाली.

दोघं पहारींवर आडवे पडले. पाण्याखाली काहीतरी जड घरंगळल्याचं मला पायांना जाणवलं. मी ओढलं. ताई ओरडल्या, आणि सगळ्या वजनानिशी माझ्या अंगावर आल्या. आम्ही दोघी पाण्याखाली गेलो. कुणीतरी माझे केस धरून मला वर काढलं, ती गवंड्याची बायको होती.

बोट आली तेव्हा आम्ही चौघं चोरदरवाजाच्या पायरीवर होतो. ताईंचा पाय बघवत नव्हता. मी अजून त्यांची हनुवटी धरून होते. बोटीतल्या माणसाने माझी बोटं एकेक करून सोडवली.

पाय वाचला. त्याची दोन बोटं काढावी लागली, घोट्यात धातूची पट्टी बसवली. दोन शस्त्रक्रिया झाल्या, चार महिने गेले. आता ताई काठी घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जातात आणि दुकानदाराला त्याच्या रक्तदाबाविषयी सुनावून येतात.

मी मात्र बरी झालेले नाही. डोक्यावरून पाणी घेता येत नाही मला. तांब्या वर नेते आणि तसाच भरलेला खाली ठेवते. परवा ताई न विचारता न्हाणीघरात स्टूल ओढत आल्या, त्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "मान मागे टाक." एका हाताने त्यांनी माझ्या कपाळावर आडोसा धरला आणि दुसऱ्या हाताने थोडं थोडं पाणी केसांवर सोडलं. मी रडत होते. त्यांनी तांब्या पुन्हा भरला.